सगळेच नेते झाले त्याची हकिकत

तीर्थरूप दामूमामांस,

बोईसरहून भाचा दर्पण याचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मामी सांगते तो शेक घेता ना? (घेत नसणार, ठाऊक आहे.)

इकडे महिन्यापूर्वी आमच्या कंपनीत नेतृत्व शिकवायला एक सल्लागार आले. शांत गृहस्थ, चहासुद्धा बिनसाखरेचा. म्हणाले, आधुनिक कारखान्यात साहेब नसतो, प्रत्येक जण नेता असतो, निर्णय सर्वांनी मिळून घ्यायचा. मॅनेजरसाहेबांना हे इतकं पटलं की त्यांनी दारावरची स्वतःची पाटी काढली. (तेव्हापासून नवे कामगार मुतारी समजून आत डोकावतात.) मी पॅकिंगचा सुपरवायझर होतो, तो 'सहप्रवासी' झालो.

गेल्या मंगळवारी दुपारी मोठ्या मशीनमधून जळका वास यायला लागला. नव्या पद्धतीप्रमाणे मी सगळ्यांना गोलात उभं केलं आणि मशीन थांबवावं का, यावर मतं मागवली. आमच्या पॅकिंगमधला बन्सी म्हणाला, माल आजच जायचा आहे. पाच जण थांबवा म्हणाले, पाच जण चालू ठेवा, आणि माझं मत ठरेना. तेवढ्यात कुंभवलीच्या जमनाबाईने, जी झाडलोट करते आणि जिला गोलात कोणी बोलावलंच नव्हतं, झाडू भिंतीला लावला आणि मेन स्विच पाडला. मागचं झाकण उघडलं तर वितळलेल्या वायरी पुठ्ठ्याच्या खोक्यांना टेकलेल्या. मामा, संध्याकाळपर्यंत मी दर दहा मिनिटांनी तो स्विच बघून येत होतो, हे मात्र थट्टेवारी नेऊ नका.

सल्लागारांनी तिला सर्वांसमोर विचारलं, इतका मोठा निर्णय तुम्ही कसा घेतलात?

ती म्हणाली, "जळल्याचा वास आला, बंद केलं. तुमच्या घरात चुलीवर भात करपला तर मतं घेता काय? आमच्याकडं नाय घेत."

सल्लागारांनी ते वहीत उतरवून घेतलं.

मामीस नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद.

आपला,
दर्पण

ता. क. पुढचं नेतृत्व शिबिर साहेबांना समुद्रात, बोटीवर घ्यायचं आहे. माझे मामा मुरबे गावचे तांडेल, बोटीचे कप्तान, हे मीच बोलून बसलो. येत्या रविवारी बारा जणांना न्याल का? बोटीवर हुकूम कोणाचा, ते किनाऱ्यावरच सांगून टाका.

आणखी एक. पॅकिंगची सुपरवायझर आता जमनाबाई आहे, मी तिच्या हाताखाली. आईला अजून कळवलेलं नाही. हे पत्र लिहायलाही मला जमनाबाईनेच बसवलं. म्हणाली, आधी मामाला इचार, मंग साहेबाला हो म्हण. साहेबांना हो मी सोमवारीच म्हटलं आहे.