टोपरं कानापर्यंत आलंय

पनवेल,
शुक्रवार सकाळ (बारसं परवा रविवारी, हे तुला माहीत आहेच)

तीर्थस्वरूप गुणाआत्या हिच्या पायांशी रियाचा नमस्कार.

आपली प्रकृती कशी आहे, आपल्या गुडघ्याला उतार पडला का, असं लिहायला शाळेत शिकवलं होतं. पण तुला ‘आपण’ म्हटलं तर तू म्हणशील पोरीला ताप आलाय. म्हणून सरळ विचारते, गुडघा कसा आहे? आतोबांचा खोकला? नदीचं पाणी उतरलं का? इकडे सगळे मजेत, म्हणजे मी सोडून सगळे. खरं तर फोनच करणार होते, पण तुझा फोन आतोबा उचलतात, स्पीकरवर टाकतात आणि तुझ्या आधी अख्ख्या आपटे गावाला कळतं. ही गोष्ट आपट्याला कळायला नको. म्हणून पत्र, आणि पत्रासोबत हरेश रिक्षावाल्याच्या हाती एक कापडी पिशवी. पिशवी इतक्यात उघडू नकोस. आधी वाच.

तर परेशदादाच्या मुलीला या जगात सख्खी आत्या एकच, ती मी. आत्याने टोपरं विणून आणायचं, बाळाला घालायचं, कानात नाव सांगायचं आणि मग जमलेल्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत तूच मला सांगितलीस. माझं नाव ठेवताना तुला एवढे धपाटे बसले की दोन दिवस उताणं झोपता येत नव्हतं, असं तू अजून कौतुकाने सांगतेस. मला ते धपाटे हवे आहेत आत्या. बावीस वर्षांत पाठीवर दुसऱ्या कारणांनी बरेच बसले, ते धरू नकोस. पण आईने काय केलं माहितीये? मी मोरीत हात धूत होते तेव्हा तिने दिपिकाला फोन लावला आणि म्हणाली, “रियाचा काय भरोसा नाय गो. आज हाय, उद्या कंच्या बसमदी बसंल. तू पन एक टोपरा इनून ठेव.”

म्हणजे काकाची मुलगी राखीव आत्या. क्रिकेटमध्ये बारावा खेळाडू असतो तशी. (क्रिकेटवरून आठवलं, मागच्या महिन्यात मी गव्हाणला मॅच बघायला गेले आणि तिथून उरणला, आणि उरणहून होडीने, पण ते राहू दे.) दिपिका तुला माहीत आहे. नवीन पनवेलात अकराव्या मजल्यावर राहते, बँकेत जाते, हाती घेतलेलं सगळं पूर्ण करते. कॉलेज पूर्ण केलं, टायपिंग पूर्ण केलं, ताटातला शेवटचा भातसुद्धा पूर्ण करते. मी एफवायच्या मध्यात मनालीला गेले ती गेलेच. तिथे हॉस्टेलवर चादरी बदलायचं काम करताना एका म्हातारीकडून दोन सुयांवरचं विणकाम शिकले. दिपिका मोबाइलवर बघून शिकली. आता तूच सांग, खरं शिक्षण कोणाचं?

त्यात मनिषावहिनीने उरणला माहेरी पडल्या पडल्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप काढला. ‘बाळाचं विणकाम’. चौदा बायका. रोज संध्याकाळी जिने तिने आपलं काम कुठवर आलं त्याचा फोटो टाकायचा. दिपिका सोमवारी चार बोटं, मंगळवारी आठ बोटं, असं इमारतीचं बांधकाम चढावं तसं टाकायची आणि खाली लाल बदामांची रांग. माझ्याकडे टाकायला काहीच नव्हतं, म्हणून मी ट्रंकेतलं जुनं काढून त्याचे फोटो टाकले. मनालीत सुरू केलेला मफलर (नऊ इंच झालाय, नऊच इंच गेली दोन वर्षं), भुजला शिकलेल्या कशिद्याची उशी, जिच्यावर मोराचं डोकं, मान आणि एक पाय आहे, आणि डाव्या पायाचा एक मोजा. आपण अनेक आघाड्यांवर काम करतोय असं दिसावं हा हेतू. तर वेणूकाकीने सगळ्यांसमोर लिहिलं, “यो मोर हाय का कोंबरा?” आणि त्या प्रश्नाला अकरा बदाम. माझ्या मफलरला एक अंगठा, तोही वहिनीचा, आणि अंगठा म्हणजे ‘पाहिलं’. कौतुक नव्हे.

मग मी पेटले. पिवळी लोकर आणली आणि बसले. पण माप कुठून आणू? बाळ उरणला. वहिनीला विचारलं तर म्हणाली, डोकं एका मध्यम नारळाएवढं आहे. स्वयंपाकघरातून मध्यम नारळ घेतला, त्याला शेंडी वर करून उभा केला आणि त्याच्यावर बसवत बसवत कपाळापर्यंत टोपरं आणलं. सुलट-उलट, सुलट-उलट, एक टाका सुटला नाही, देवाशपथ. तेवढ्यात लोकर संपली म्हणून बाजारात गेले. परत येऊन आधी जेवले, कोलंबीचं कालवण होतं, इतकं दाट आणि गोड की दोनदा वाढून घेतलं. मग माप घ्यायला गेले तर नारळ नाही. आई म्हणते, “तोच तं फोडला कालवनाला.” म्हणजे भाचीचं डोकं मी दोन वाट्या खाल्लं होतं. नाइलाजाने बारशाच्या ओटीसाठी आणलेल्यांतला दुसरा घेतला. तो तिप्पट निघाला. त्यामुळे टोपरं कपाळापर्यंत एका मुलीचं आहे आणि कानांपासून खाली दुसऱ्या मुलीचं, बहुतेक तिच्या मामाचं.

तरी मी धीर सोडला नाही. घरात आईची नजर नको म्हणून एसटी स्टँडवर जाऊन बाकावर विणायला लागले. स्टँडवर माझा हात चांगला चालतो, का ते माहीत नाही. पण समोर पेणची गाडी लागली, खिडकीची जागा रिकामी होती, आणि मला वाटलं, बसून काय आणि चालत्या गाडीत काय, टाका तो टाका. कर्नाळ्यापर्यंत एक कान पूर्ण झाला. कर्नाळ्याला उतरले, कारण कुणीतरी म्हणालं अभयारण्यात नवा पक्षी आलाय. पक्षी काही दिसला नाही. माकड दिसलं, ते बराच वेळ बघितलं. मग लक्षात आलं की एक सुई गाडीतच राहिली आणि पेणला गेली. आता मी एका सुईवर आणि छत्रीच्या एका काडीवर विणते. टाके एका बाजूने बारीक आणि दुसऱ्या बाजूने सैल येतात.

आणि बुधवारी दिपिकाने पूर्ण झालेलं टोपरं टाकलं. गुलाबी, रेशमी बंद, बाहुलीला घालून. बारा बदाम, म्हणजे ती आणि मी सोडून सगळ्यांचे. मी नावं वाचली. त्यात एक आईचा होता. आत्या, आईला बदाम टाकता येत नाही. तिला फोटो उघडला की बंद करता येत नाही. तिने ते शेजारच्या गोदूकडून शिकून घेतलं. माझी आई या वयात एक नवीन गोष्ट शिकली, आणि ती दिपिकासाठी शिकली. त्यानंतर मी दोन वेळा जेवले नाही (तिसऱ्या वेळेला जेवले, बोंबील होते).

बाकी सर्व ठीक. वडीलधाऱ्यांना नमस्कार, आतोबांना खोकल्यासाठी हळद.

तुझी आज्ञाधारक (हे शाळेत असंच लिहायचे, खरं मानू नकोस),
रिया

ता. क. आता पिशवी उघड. आतलं पिवळं ते टोपरं. एक कान झालाय, दुसरा सुरूच केलेला नाही. तेवढा तू विण, आणि जमलं तर दोन्ही नारळांची तडजोड कर. उद्या संध्याकाळी हरेश परत येताना घेऊन येईल. फार सुबक करू नकोस, मीच केलंय असं वाटलं पाहिजे. दोन चुका ठेव. तीन नको.

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, परत उघडलं. आत्ता दिपिका बँकेत जाता जाता येऊन गेली. ते गुलाबी टोपरं आईला दाखवायला आणलं होतं. मी हातात घेतलं, उलटं करून आतून पाहिलं. दर तीन टाक्यांनंतर आतल्या बाजूला बारीकशी गाठ. अशी गाठ आपल्या सगळ्या नातेवाइकांत एकाच बाईची असते, आणि ती नवीन पनवेलात राहत नाही. मी गाठीवर बोट ठेवून तिच्याकडे बघितलं. ती लाल झाली आणि म्हणाली मागच्या आठवड्यात बँकेच्या कामाने आपट्याला गेले होते. आपट्यात तुझ्या ओट्यावर बँकेचं कसलं काम? मी तिला चहा दिला आणि तुझ्याकडे निघालेली ही पिशवी दाखवली. आयुष्यात पहिल्यांदा मला ती थोडी आवडली. आईला मी सांगणार नाही, दिपिकाही माझं सांगणार नाही. पण आत्या, तू तिचं आधी करून दिलंस. मला एक हाक तरी मारायची. ते जाऊ दे. माझ्या टोपऱ्याला तिच्यापेक्षा एक ओळ जास्त घाल. कुणाला कळणार नाही, मला कळेल.

ता. क. ३. नाव काय ठेवणार, असं तू विचारशीलच. काम चालू आहे. पहिलं अक्षर झालंय (‘म’, तेही भटजींनी काढून दिलं). पुढची अक्षरं तेवढी चिठ्ठीवर लिहून टोपऱ्यात घालून पाठव. दिपिकालाही एखादं नाव पूर्ण करून दिलेलं असेल, तर त्याच्यापेक्षा एक अक्षर जास्त.