शोकेसमधला पितळी किलो

५ मार्च

त्रेपन्न किलो आठशे.

हॉस्पिटलच्या काट्यावर चढण्याआधी वाकून शिक्का तपासला – सवय! तीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. काटा मारणाऱ्या दुकानदारांची झोप उडवली. बाजारात मला 'काटेसाहेब' म्हणत. शिक्का याच वर्षीचा, काटा चोख. खोट माझ्यातच.

जिभेच्या कडेला गाठ. कॅन्सर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, आधी सलाइनमधून औषध देऊन गाठ लहान करू, मग ऑपरेशन. दोन एप्रिलला शेवटचं वजन. पन्नासच्या खाली गेलात तर ऑपरेशन झेपणार नाही, पुढे ढकलावं लागेल." पुढे म्हणजे किती, ते विचारलं नाही. बोलताना जीभ दुखते. बरं कारण सापडलंय! म्हणून ही वही.

१२ मार्च

एक्कावन्न नऊशे. आठवड्यात जवळजवळ दोन किलोची तूट! एखाद्या दुकानदारानं एवढी मारली असती तर दुकानाला सील ठोकलं असतं.

१३ मार्च

ही ऐकायला तयार नाही. "अहो, नीट खात नाही म्हणून उतरताय. नुसता हट्ट!" सुपाचा चमचा जिभेला लागला की डोळ्यांपुढे काजवे. मग मी चिडतो, ती रडते, सूप थंड. रोजचा कार्यक्रम.

शेवटी तिला डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं. त्यांनी कागदावर जीभ काढली – थेट बुटाचा तळ! "काकू, गाठ नुसती बसून राहत नाही. ती रसायनं सोडते. त्यांनी आजूबाजूच्या नसा इतक्या हळव्या होतात की नुसता स्पर्शसुद्धा चटक्यासारखा लागतो. नवे तंतूही गाठीकडे वाढतात. आणि गाठीमुळं जी रसायनं रक्तात जातात, ती अंगभर फिरतात. मग शरीर आपलेच स्नायू मोडतं, चरबी जाळतं, वर मेंदूला कळवतं की भूक नाही. म्हणून थोडंफार खाल्लं तरी काका उतरतात. हट्ट नाही तो."

म्हणजे बसल्या जागी चरबी कमी! लोक त्यासाठी पहाटे उठून धावतात.

घरी आल्यावर हिनं आधी सूप गरम केलं. मग म्हणाली, "इतके दिवस तुम्हाला उगाच बोलले." खरं सांगू? ते बोलणंच बरं होतं. हट्ट असता तर सोडता आला असता.

१९ मार्च

पन्नास नऊशे.

खरे एकोणपन्नास नऊशे. निवृत्तीला खात्यानं दिलेला पितळी किलो शोकेसमधून काढून जाकिटाच्या आतल्या खिशात घातला होता. मापात पाप! तेही शिक्क्याच्या वजनानं! नर्स फायलीत लिहीत होती आणि मी छताकडे बघत होतो. असे छताकडे बघणारे मी शेकडो पकडलेत.

डॉक्टरीणबाईंनी फाइल पाहिली. "ठीक आहे, काका." आणि लगेच दुखण्याचं औषध वाढवलं, जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगितलं. वर दिवसातून चारदा ताकदीची पावडर. ठीक आहे तर एवढं कशाला? डॉक्टरांचं गणित त्यांनाच ठाऊक.

२२ मार्च

आज अख्खी वाटी गेली. हिनं दोनदा वाटीत डोकावून पाहिलं.

२६ मार्च

पुन्हा किलो खिशात. एक्कावन्न दोनशे. सलाइन लावताना नर्स सहज बोलून गेली, "डोस वजनावरच ठरतो, काका."

म्हणजे त्या खोट्या किलोचं औषधही माझ्या अंगात चाललंय! सांगायला तोंड उघडलं – आणि म्हणालो, "पाणी." भित्रा!

३० मार्च

ठरलं. किलो शोकेसमधून हलणार नाही. नशीब, हिला अजून पत्ता नाही. रोज तिथली धूळ पुसते, तरी! पन्नासच्या खाली आलो तर आलो. भीती वाटते. फार वाटते.

२ एप्रिल

पन्नास चारशे. रिकाम्या खिशानं!

नर्सनं लिहिलं, एकोणपन्नास चारशे.

"अहो, पन्नास!" ओरडलोच, जीभ विसरून.

ती शांतपणे म्हणाली, "काकूंचा पहिल्याच वेळी फोन आला होता. शोकेसमधला किलो गायब आहे, म्हणाल्या. जाकीट दिसलं की एक वजा करा. फायलीत सगळी खरीच वजनं आहेत, डोसही त्यावरच."

आज जाकीट थंडी वाजत होती म्हणून घातलं होतं. मी शपथ घेतली. दुकानदारांच्या शपथा मी कधी मानल्या नाहीत. तिनंही मानली नाही. शाबास! जाकीट काढलं, विजारीचे खिसे उलटे केले, पुन्हा चढलो.

पन्नास शंभर.

ऑपरेशन सोमवारी. ही दारात उभी होती. "सापडलात, काटेसाहेब," म्हणाली आणि रडू लागली. मग मीही.