मोकळी केलेली खाट

आसेगाव, मंगळवार, संध्याकाळ

दाखला मिळाला नाही. डोकं नुसतं भणभणतंय. ह्यांचा मस्कतहून सारखा फोन. पासपोर्ट नव्याने करायचा तर गावचा रहिवासी दाखला हवा, आणि तो मीच मिळवायचा.

काल ग्रामपंचायतीचा शिपाई चौकशीला आला, तेव्हा मी नेमकी शेतात. सासूबाईंनी त्याला ओट्यावर बसवलं, चहा पाजला आणि वर ऐटीत सांगितलं, "माहा पोरगा आता कायले इथं राहीन? तो मस्कतले राह्यते!" झालं. त्याने तसंच लिहून नेलं.

आज ह्यांनी फोनवर आईला झापलं, "'तो इथंच राह्यते' असं म्हनाले काय झालं होतं तुले?" पण त्या खोटं काय बोलल्या? गावभर आम्हीच तर मिरवलं ना?

ग्रामसेवक म्हणाले, शिपायाला उद्या पुन्हा पाठवतो, या वेळी नीट सांगा. नीट म्हणजे काय? 'हो, इथंच राहतात' हे माझ्या तोंडून निघेल? ह्यांच्या खाटेवर तर सोयाबीनची पोती रचलेली. काल शिपायाला ती खाट दिसलीच असेल.

म्हणून आत्ता पोती ओढून खाली घेतली, खाट पुसली, धुतलेली चादर अंथरली. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. खाटेकडे बघून त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"काव, येऊन राह्यला का तो?"

मला 'नाही' म्हणवलं नाही. चादरीच्या सुरकुत्या काढत राहिले.