पिवळ्या कुडत्यातली आई

३ सप्टेंबर
पोचले एकदाची! खोली एवढीशी, पण माझ्या एकटीची. खिडकीशी खुर्ची, खाली बसथांबा. घरमालकीणबाईंनी किल्ली देताना दोनदा बजावलं, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. मी काय घर पाडायला आलेय? वर्षभरात व्हिसाची कागदपत्रं झाली की ठकू आणि तिचे बाबा इकडे येतील. तोवर चार वर्षांच्या लेकीनं आईला विसरू नये, एवढंच मागणं.

२१ सप्टेंबर
काम आवडलं. दिवसभर कवळ्या घडवायच्या. मेणात एकेक दात बसवायचा, हिरडीचा रंग जुळवायचा. हात चांगला आहे, असं साहेब म्हणाले आणि मग आठवडाभर काहीच म्हणाले नाहीत. इथे सगळे ‘कशी आहेस’ विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे जातात.

अडचण एकच. ठकूच्या झोपायच्या वेळी माझी शिफ्ट असते. म्हणून युक्ती काढली. रविवारी पिवळा कुडता घालून खुर्चीत बसते आणि आठवड्याच्या गोष्टी मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवते. ‘ठकू, जेवलीस का?’ विचारायचं, तिच्या उत्तरापुरतं थांबायचं, मग ‘शहाणी माझी ती!’ गोष्ट डोंगरापलीकडे कामाला गेलेल्या मुंगीची. शेवट ठरलेला, मुंगी परत आली का, ते उद्या. सासूबाई सांगत होत्या, पोरगी पडद्याशी खऱ्यासारख्या गप्पा मारते. जमलं की!

५ ऑक्टोबर
बरी आहे. घरी तेच सांगते. कुडता घातला की हसू येतं, काढला की जातं. बाकीचे दिवस तोंड शिवल्यासारखे. डबा संपतो, चव कळत नाही. बसमध्ये एकदा रडू येईलसं वाटलं. आलं नाही.

१९ ऑक्टोबर
नवऱ्याचा फोन आला, कौतुकाचा. काल ठकू म्हणाली, जेवले नाही. तर व्हिडिओतली मी म्हणाले म्हणे, का गं, पोट दुखतंय का? आणि खरंच दुखत होतं. कसं ओळखलंस, असं विचारत होता.

मी असं काही रेकॉर्डच केलेलं नाही. माझ्या मोबाइलमध्ये पाहिलं. तिथे ‘शहाणी माझी ती’ एवढंच आहे. त्याला सांगितलं तर म्हणाला, थकली आहेस, जरा झोप काढ.

७ नोव्हेंबर
गेल्या रविवारी मुद्दामच काही पाठवलं नाही. तरी ठकूनं रोज गोष्ट ऐकली. मुंगी आता परतीच्या वाटेला लागली, असं सासूबाई म्हणाल्या. मी मुंगीला कधी मागे वळवलंच नव्हतं.

घाबरायला हवं होतं, हे कळतं. नुसती भिंतीकडे बघत बसले. मग कामावर गेले.

१५ नोव्हेंबर
सुट्टी. भरदुपारी व्हिडिओ कॉल लावला. ठकूनं उचलला. तिच्यामागे कुणीतरी तिची वेणी घालत होतं. पिवळा कुडता. हात माझेच, अंगठ्यावरच्या भाजल्याच्या डागासकट.

मी ओरडले, ठकू, ती मी नाही, मी इथे आहे. ठकू वैतागून बाबांना म्हणाली, ही मोबाइलमधली आई तेच तेच विचारते. नवरा म्हणाला, आई आली ना आता घरी, मग तो जुना व्हिडिओ कशाला लावतेस? बंद कर.

ती हसली. दात मी बसवते तसे. सगळे सारखे.

१७ नोव्हेंबर
साहेबांकडे गेले. सांगायचं होतं, घरी भयंकर काहीतरी झालंय, मला जायला हवं. तोंडातून निघालं, जेवलात का? मग मी थांबले. मग — मी तसं म्हणणार नव्हते — म्हणाले, शहाणे माझे ते.

साहेब हसले. पुढे गेले.

वाईट वाटलं का? आठवत नाही.

१९ नोव्हेंबर
घरी फोन लावते. कुणी उचलत नाही. खुर्चीतून उठवत नाही — कामावर गेले नाही — कुणी विचारलंही नाही. अंगावर कुडता आहे. मी घातला नव्हता.

लिहिताना अजून माझं ऐकतात हात. लवकर लिहिते. ठकू, मोठी झालीस की वाच. जी तुझी वेणी घालते ती — मी तुला सोडून नाही — ठकू, बाबांना सांग, मी

ठकू, जेवलीस का?



शहाणी माझी ती! एक होती मुंगी. डोंगरापलीकडे कामाला गेली. मुंगी परत आली का, ते