लुगड्याच्या पट्ट्या

॥ श्री ॥
परदेशीपुरा, इंदूर
४ जानेवारी १९६०

चि. लक्ष्मीकांत यास द्वारकाअक्काचे अ. उ. आशीर्वाद.

मास्तर, महूत मजेत ना? इकडे मिलच्या धुरांड्यातून दिवसभर काजळी बरसते. नात अरुंधती महिनाभर खोकते आहे, म्हणून आपल्या शामने खिडक्यांना फळ्या ठोकल्या, फटींत अखबार कोंबले. ओट्यावर दुधात काजळी पडते म्हणून कोळशाची सिगडी मीच आत घ्यायला लावली. आता आम्ही चौघं बरणीतल्या लोणच्यासारखे. मुरतोय भिया! पोरगी फटीतला अखबार उपसून तिथे नाक लावून बसते. खोकला काही हटत नाही.

गच्चीवरचे पापड चार दिवसांनीही ओलेच. ऊन गेलं कुठे? तुझ्या टकलावर तरी पडतं का?

आळस टाक, पत्र टाक. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी अक्का

महू, ८ जानेवारी

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

टकलावर पडतं, पण फिकं. थंडीत धूर वर जात नाही. त्यातल्या बारीक कणांचं छत धरतं आणि ऊन तिथेच अडतं. तेच कण छातीतही उतरतात.

मला शंका तुझ्या सिगडीची आहे. जुन्या पांढऱ्या लुगड्याच्या दोन पट्ट्या ओल्या कर. एक गच्चीवर टांग, एक आत. संध्याकाळी बघ कोणती जास्त काळी होते, मग हवं तर माझ्यावर रागव.

सूनबाई भानुमतीस आशीर्वाद. तुझी बोलणी खायला सदैव तयार,

लक्ष्मीकांत

इंदूर, १३ जानेवारी

चि. लक्ष्मीकांतास आशीर्वाद.

बाहेरची पट्टी राखाडी, आतली काळी. आधी मी हसले, म्हटलं चोराला आत घेऊन कडी घातली. मग पोरगी खोकली आणि हसू तिथेच राहिलं. सिगडी आत घ्या म्हणणारी मीच ना रे.

आता सिगडी बाहेर गेली, एका खिडकीची फळी काढली. पण उघडलं की मिलची काजळी येते. शाम म्हणतो, नौकरी मिलची, खोली मिलची, जायचं कुठे? भानुमतीचे दिवस भरत आलेत, मलाही हलता येत नाही. म्हणून रविवारी शाम अरुंधतीला तुझ्याकडे आणून सोडेल. तिच्यासोबत तिसरी पट्टी देते. आठ दिवस टांग आणि जशी असेल तशी पाठव.

पोरीवर नजर असू दे, माझ्यावर लोभ.

अक्का

महू, २६ जानेवारी

ती. अक्कास सा. न.

पट्टी सोबत आहे. बघ, किती पांढरी! अरुंधती मजेत. काळजी नसावी.

लक्ष्मीकांत

इंदूर, २९ जानेवारी

चि. लक्ष्मीकांतास आशीर्वाद.

पट्टी पोचली. तुझं महू मोठं नवलाचं बाबा, तिथे हवेत नीळ उडते! नाकाला लावली तर साबणाचा वास. लहानपणी गूळ चोरून खायचास आणि तोंड धुऊन यायचास, तसाच राहिलास.

म्हणजे काजळी तिकडेही आहेच. असू दे, रागावले नाही. पण एक विचारते, त्याचं उत्तर मात्र धुऊन पाठवू नकोस. पोर खोकते का?

फळी काढलेल्या खिडकीत पोस्टमनची वाट बघत बसलेली,

तुझी अक्का