बोगद्यात सांगायचं होतं

रवि., ३० मार्च
आई आणि निनादच्या आईने फोनवर ठरवून टाकलं: पाहण्याचा कार्यक्रम घरात नको. इथे लेस्टरजवळच्या मार्केट हारबरोहून नॉर्दम्प्टनकडे जुनी रेल्वेलाइन जाते, रूळ काढून आता चालायची वाट केलीय. आम्ही दोघं चालायचं, त्या दोघी गाडीने पुढच्या कार पार्कला. बाबा म्हणाले, "म्हणजे चहापोहेच, फक्त लांबवर पसरलेले."
मी अँक्झायटीच्या गोळ्या घेते. निनादला माहीत नाही. आई: "आधी होकार येऊ दे, मग सांग. लपव म्हणत नाहीये मी."
दहा वर्षांची होईपर्यंत हीच मला घरी शिकवायची, किचन टेबलावर. गणित चुकलेलं चालायचं. अर्धं सांगितलेलं चालायचं नाही. तेव्हाची आई—

शुक्र., ४ एप्रिल
वाटेत बोगदे आहेत, आत दिवे नाहीत. पहिल्यातच सांगायचं. चेहरे दिसणार नाहीत. वाक्य पाठ करतेय. इंग्लिशमध्ये आजार वाटतो, मराठीत वेड.

रवि., ६ एप्रिल
वाट सरळ, चढ कळतसुद्धा नाही. कडेची ब्लॅकथॉर्नची झुडपं पांढरी फुललीत. मागून सायकलची घंटा वाजली की दोघं कडेला, तोवर बोलणं विसरलेलं. निनाद बरा आहे. वॉटफर्डमध्येच वाढलाय. "माझा आई आत्ता सँडविच खात असणार." मी सुधारलं नाही. न सुधारणं हा खोटेपणा का, यावर बराच वेळ गेला.
बोगद्याच्या तोंडाशी तो थांबला. आतून गार हवा, पाण्याची टपटप. "सॉरी, आय कान्ट. लहानपणापासून असंच होतं. तू जा, मी वरून येतो." वरून शेतातून पायवाट आहे. मीही वरूनच गेले. चिखल, मेंढ्या. त्याचे कान लाल.
तेव्हाच सांगता आलं असतं. पण लगेच सांगितलं तर फिट्टंफाट केल्यासारखं झालं असतं. की ही सबब?
कार पार्कला निनादच्या आईने, म्हणजे काकूंनी, थर्मॉसमधून चहा दिला. "एवढा चिखल? बोगद्यातून आलात ना?" निनादने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "वरून व्ह्यू फार छान आहे, काकू."
खरं आहे. अर्धं.

सोम., ७ एप्रिल
आईला बोगद्याचं सांगितलं. "मग काल काकूंना का नाही सांगितलंस?"
"ते त्याचं आहे. त्याने सांगायचं."
आई भांडी पुसत राहिली. मग: "तुझंही तुझंच आहे." रागाने नव्हे. परवानगी होती का, ते कळलं नाही.

रवि., १३ एप्रिल
उरलेली वाट. आज सांगितलं, भर उन्हात, त्याच्याकडे बघून. पाठ केलेलं वाक्य आलंच नाही.
"रोज घेतेस?"
"रोज."
मग म्हणाला, "मला विचार करायला लागेल. आणि आईपासून मला लपवता येणार नाही."
"तू नको सांगूस. मी सांगते."
कार पार्कला सांगितलं. आईचा कप हातातच राहिला. काकूंनी थर्मॉसचं झाकण लावलं, परत उघडलं, मला चहा ओतला. "गोळी वेळेवर घेतेस ना?" एवढंच. मग काकू आणि निनाद वॉटफर्डला निघाले.
लेस्टरला पोचेपर्यंत आईने रेडिओ लावला नाही.
फोन आलेला नाही. आत्ता आई खोलीत आली, माझा फोन उचलून बघितला, चार्जिंगला लावला, आवाज वाढवला आणि गेली.