दाराच्या पलीकडचा मुलगा

प्रिय ताई,

सर्वप्रथम माझ्या गुडघ्यांवर झालेल्या अन्यायाची तुझ्या दरबारी रीतसर नोंद व्हावी. तुझा प्रतिनिधी म्हणून सहीच्या कागदाचा बंद लिफाफा देऊन तू मला चित्रपटाच्या खासगी खेळाला पाठवलंस, आणि त्या लोकांनी तो ठेवला एका प्राथमिक शाळेच्या सभागृहात. खुर्च्या दुसरीतल्या मुलांच्या मापाच्या. दर आठवड्याला वर्तमानपत्रातून जगाची टिंगल करणारा, पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला एक प्रतिष्ठित माणूस दीड तास स्वतःच्या हनुवटीला गुडघे लावून बसला होता. उठलो तर खुर्चीही माझ्यासोबत उठली. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी आईला म्हणाली, "आजोबांना खुर्ची चिकटली." आजोबा! त्यापेक्षा खुर्ची परवडली.

आता बातमी. चित्रपट पूर्ण झाला आहे. म्हणजे त्याला सुरुवात आहे आणि शेवटही आहे. मध्ये जे आहे ते लिहिताना मात्र पेन अजून अडखळतंय.

त्यातला नायक पोरगा तू विसरली नसशीलच. त्याच्यामुळेच तर तू या फंदात पडलीस. शूटिंग सुरू होऊन आठवडा होतो न होतो तोच त्याचे वरचे शेवटचे दोन दुधाचे सुळे पडले, आणि निर्माता त्याला काखेत मारून तुझ्या दातांच्या दवाखान्यात धावत आला. तू दोन दातांची एवढीशी कवळी करून दिलीस. पुढे पोरगा ती लावून तुला हसून दाखवायला यायचा आणि जाताना तुझ्याकडून एक रंगीत ब्रश उकळायचा. हळूहळू तू पोराच्या घरातलीच झालीस. मग निर्मात्याने तुला गणित शिकवलं: मोठ्यांच्या चित्रपटाला माणूस एकटा येतो, मुलांच्या चित्रपटाला पोरामागे आई, बाप आणि आजी येते, शिवाय वर खेळणी, दप्तरं, पाण्याच्या बाटल्या. दवाखान्यात पेशंटसाठी दुसरी खुर्ची घ्यायला साठवलेले सगळे पैसे तू त्याच्या हातावर ठेवलेस. मी तेव्हा म्हणालो होतो, ताई, स्वतःची अक्कलदाढ स्वतःच उपटून घेते आहेस. तू आठवडाभर माझा फोन घेतला नाहीस.

त्या गणितात बऱ्याच गोष्टी हातच्या धरायच्या राहिल्या होत्या. पोराला दिवसातून मोजके तास कामाला लावता येतं, नंतर त्याला शाळा असते, शाळेला परीक्षा असतात. गोळ्या-चॉकलेटांचा जाहिरातदार होता, तर मुलांच्या कार्यक्रमात गोड विकायचं नाही असा नियम आला आणि तो पळाला. चित्रपट विकत घेणार होती त्या वाहिनीने दर पाडला. पैसे आटले आणि शूटिंग बंद पडलं, ते चांगलं दीड वर्ष. पुन्हा कुठून कुठून पैसे जमले तेव्हा दिवे आले, कॅमेरा आला, पोरगाही आला. मधल्या काळात एक किरकोळ घटना मात्र घडली होती. तो वाढला होता.

आणि गोष्ट आहे एका रात्रीची! नायक हरवलेलं कुत्रं शोधत एका बंद गिरणीपाशी येतो. छातीएवढा जीव, घंटीसारखा आवाज. दार ढकलतो. पलीकडे जो निघतो तो वीतभर वाढलेला, ओठावर लव, आणि कुत्र्याला अशी हाक मारतो की फौजदाराने आरोपीला मारावी. कुत्रंसुद्धा दचकलं. दाराच्या अलीकडे बाळ, पलीकडे जावई! सभागृहात एका पोराने ओरडून विचारलं, "हा त्याचा दादा आहे का?" दुसरं रडायलाच लागलं, की छोट्याला आत कोंडून ठेवलंय. पुढे कुत्रं सापडलं, चोर पकडले, मायलेकांची भेट झाली. पोरांचं एकच पालुपद, छोटा कुठे गेला? माझ्या शेजारी शेवटच्या रांगेत एक लांब हातापायांचा मुलगा अंग चोरून बसला होता. तोच नायक हे मला दिवे लागल्यावर कळलं.

नंतर चहा होता. मला वाटलं होतं, निर्माता कोपऱ्यात तोंड लपवून बसला असेल. छे! तो निवांत बिस्कीट बुडवत म्हणाला, काळजी नको, करारात कलम आहे. काम पूर्ण होईपर्यंत मुलाची उंची, आवाज आणि दात यांत फरक पडू न देण्याची जबाबदारी पालकांची. आईची सही आहे. तिच्याकडून नुकसानभरपाई मागायची, बाकी सगळ्या भागीदारांची संमती आली आहे, "तुमच्या ताईंचा लिफाफा तेवढा द्या." ताई, माणसांच्या मूर्खपणावर मी इतकी वर्षं पोट भरलं. मला वाटायचं, आता आपल्याला धक्का म्हणून बसायचा नाही. तो तिथे बसला; हातातलं बिस्कीट मी परत बशीत ठेवलं. भिंतीशी त्या पोराची आई उभी होती. शिलाईच्या दुकानात बाह्या जोडते. ती पुढे झाली आणि माफी मागावी तशा आवाजात म्हणाली, "मी त्याचं दूध बंद केलं होतं हो. तरी वाढला."

मी तिथून निघालो म्हणण्यापेक्षा पळालो. कोट खुर्चीवरच राहिला, कोटात पैसे. बसमध्ये पाहतो तर मायलेक मागोमाग चढलेले. माझे हात नुसतेच खिसे चाचपत होते, तेवढ्यात पोराने तिघांची तिकिटं काढली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "दातवाल्या मावशींना आता दुसरी खुर्ची नाही ना मिळणार? मी वाकून चालायची प्रॅक्टिस केली होती. पण ते म्हणाले, कॅमेऱ्यात कळतं." मी त्याला म्हणालो, बाळा, वाढणं हे तुझं कामच आहे. त्याला ते पटलं नाही. त्याची आई खिडकीबाहेर बघत होती.

तुझा लिफाफा मी दिलेला नाही. तो सदऱ्याच्या आतल्या खिशात होता. या पत्रासोबत परत पाठवतो आहे. खरं तर पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच. सही करताना तू वरचा मजकूर वाचला होतास का, हे मी विचारत नाही, तूही सांगू नकोस. ही संमती गेली नाही तर तुझे पैसे परत यायची एकुलती एक वाटही बंद होईल, हे मला समजतं. दुसऱ्या खुर्चीसाठी तू किती वर्षं उभ्याने काम केलंस, तेही मी पाहिलंय. तरीही संमती द्यायचीच असेल तर ती तुझ्या हाताने टपालपेटीत टाक. माझ्या हातून हे होणार नाही. आज सकाळी त्या सभागृहातून कोट घेऊन आलो आणि तसाच शिलाईच्या दुकानात गेलो. पोरगा शाळेत गेला होता. आई राहू द्या, राहू द्या म्हणत होती. मी माझ्या तिकिटाचे सुटे पैसे मशीनच्या कडेला ठेवले आणि निघालो.

तुझाच,
धाकटा